बाईंची लेकरं

शेलूबाजारच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई रेड्याचं बीज सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना भर उन्हाळ्यातही पंखा लावू देत नाहीत. काच गार झाली की थेंबातले शुक्रजंतू हलायचे थांबतात. बाई ओढणीनं घाम पुसत पुढाऱ्यालाही सुनावतात, "भाऊ, दार लावा, माह्या लेकराइले थंडी वाजते."

परवा माझी म्हैस माजावर, भरवायला नेलेली, आणि गोठवलेल्या बीजाची कांडी, म्हणजे बारीक नळी, एकच उरलेली. बाई काचेवर थेंब ठेवून फोन घ्यायला बाहेर गेल्या. मी पंखा लावला आणि चाहूल लागताच बंद केला.

त्यांनी डोळा लावला. "मेले सारे. आता कांडी फेकाच लागते."

मी एरवी गप्प राहणारा, पण बोललो. "बाई, पंखा मी लावला होता."

त्या रागावल्या नाहीत. काच गरम पट्टीवर शेकून पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकल्या आणि हसतच सुटल्या.

"जित्ते हायेत! काका, पाहून काय राह्यले? म्हैस आना!"