जुन्या मशीनमधली कॉलनी

रीसेटचं पान स्क्रीनवर उघडं होतं. एक बटण दाबलं की गेमच्या मशीनमधलं सगळं साफ. तेवढ्यात रईसभाई म्हणाले, "दीदी, इसका मैंने मोलभाव नहीं किया. बच्ची की पढ़ाई के लिए बेच गए हैं."

रईसभाई माझे पार्टनर. भोपाळला महाराणा प्रताप नगरात आमचं व्हिडिओ गेमचं दुकान आहे. मी मूळची ग्वाल्हेरची, त्यामुळे घरात मराठी असली तरी ती हिंदीत चांगली भिजलेली आहे.

लोक मला सारखे विचारतात, गेम नवा घ्यावा, जुना घ्यावा की डिजिटल? डिस्क पुस्तकासारखी असते. खेळून झालं की विकता येते, म्हणून जुनी घ्यायलाही हरकत नाही, फक्त ओरखडे बघून घ्या. डिजिटल गेम घरबसल्या मिळतो, पण तो तुमच्या अकाउंटला चिकटतो, दुसऱ्याला देता येत नाही. तिसऱ्या गोष्टीचं मात्र कुणी विचारतच नाही. ती म्हणजे सेव्ह. खेळता खेळता तुम्ही जिथवर पोचलात, जे काही बांधलंत, ते. ऑनलाइन कॉपी नसेल तर ते फक्त मशीनच्या पोटात असतं आणि रीसेटबरोबर जातं.

म्हणून पुसण्याआधी मी विकणाऱ्याला एक फोन करतेच. हे पाटणकरसाहेब निघाले. इंजिनीअर, महाराष्ट्रातून बदली होऊन आलेले, भोपाळातच बरखेड्याला क्वार्टर. मराठी आवाज ऐकून मला बरं वाटलं. म्हटलं, मुलीच्या शिक्षणासाठी विकलंत म्हणे, चांगलं केलंत.

"शिक्षणासाठी नाही हो," ते म्हणाले. "शिक्षा म्हणून विकलंय."

मी कपाळावर हात मारला. साहेब दुकानात आपल्या हिंदीत म्हणाले होते, लड़की को शिक्षा करनी है. रईसभाईंना वाटलं, पोरीला शिकायचंय. बिचाऱ्यांनी गहिवरून पूर्ण दाम दिला होता.

हसू आलं खरं, पण मी रीसेटचं पान बंद केलं. या धंद्यात एक कळलंय. गरजेपोटी विकणारा मनाची तयारी करून येतो. रागात विकणारा परत येतो, आणि तोवर आम्ही पुसून बसलेलो असतो. मी साहेबांना विचारलं, आतलं सेव्ह काढून घेतलंय का? ते म्हणाले, सगळं पुसून टाका. बारावीचं वर्ष, गणितात आपटलीय, आणि दार लावून दिवसभर बंदुका चालवते.

कंट्रोलर तपासायला कुठला तरी गेम चालवावा लागतोच. मशीनमध्ये एकच होता, ठोकळे रचून घरं बांधायचा. बंदुका कसल्या! आत एक अख्खी कॉलनी उभी होती. पिवळी बैठी क्वार्टर्स, पाण्याची टाकी, बॅडमिंटनचं कोर्ट, दारादारावर मराठीत पाट्या. एका शेडखाली ठोकळ्यांची निळी गाडी आणि वर पाटी: बाबांची स्कूटर. हात लावू नये.

मला एकदम भरून आलं. मी परत फोन लावला आणि चक्क थाप मारली की साइन-आउट करायला मुलीचा पासवर्ड लागतो, तिला घेऊन या.

संध्याकाळी दोघं आली. मुलीचं नाव मुक्ता. वडिलांपासून चार हात लांब, काउंटरच्या टोकाला उभी राहिली. मी कॉलनी मोठ्या टीव्हीवर लावली. साहेबांनी चष्मा चढवला. एकेक दार बघत टीव्हीच्या जवळ गेले.

"आपलं दार डावीकडे उघडायचं," ते म्हणाले.

"उजवीकडे, बाबा. डावीकडे उघडायचं ते काकूंचं."

"बरोबर," साहेब म्हणाले. मग हळूच, "तुला इतकी आठवण येते आपल्या जुन्या कॉलनीची?"

मुक्ता रडायला लागली. रईसभाई पाणी आणायला आत गेले ते लवकर बाहेर आलेच नाहीत.

साहेब विरघळले, पण पूर्ण नाही. त्यांनी पैसे परत केले आणि म्हणाले, परीक्षा होईपर्यंत मशीन इथेच राहू द्या, पण पुसू नका. मुक्तानं मान डोलावली. मी ते वरच्या फळीवर ठेवून दिलं.

पुढच्या शनिवारी साहेब एकटेच आले. म्हणाले, जरा बघू का? मी लावून दिलं. त्यांना धड चालता येईना, सारखे भिंतीवर आपटायचे. मग दर शनिवारी यायला लागले. कधी टाकीपाशी उभे, कधी कोर्टावर. एकदा खाली मान घालून मला विचारलं, पाटी बदलायची असेल तर कुठलं बटण दाबायचं?

परीक्षा संपल्यावर मुक्ता साहेबांबरोबर मशीन न्यायला आली. घेण्याआधी चालवून बघ, मी म्हटलं. ती थेट शेडपाशी गेली आणि थांबली. पाटीवर लिहिलं होतं: हात लावलास तरी चालेल. साहेब तेव्हा भिंतीवरचे हेडफोन फार लक्ष देऊन बघत होते.

तेव्हा मंडळी, गेम कुठूनही घ्या. विकताना मात्र पुसण्याआधी एकदा चालवून बघा. आमच्या दुकानात एवढाच बदल झालाय की कुणी मराठी माणूस मशीन विकायला आला, की रईसभाई आधी विचारून घेतात, "शिक्षा हिंदीवाली, या मराठीवाली?"