भरलेली बाटली

मे महिन्यात माझी पत्नी सुमन पहिलीच्या वर्गासाठी मुलं शोधत घरोघरी फिरायची. मराठी शाळेच्या शिक्षिकांना ते करावंच लागतं. भर उन्हातून परतली तरी तिची पाण्याची बाटली भरलेलीच असायची. मला त्याचं कोडं वाटायचं.

ती गेल्यानंतरच्या या पहिल्या मे महिन्यात एक अनोळखी शिक्षिका दारात आली. "काका, जरा पाणी मिळेल?"

तिच्या पिशवीत भरलेली बाटली होती. माझी नजर पाहून ती ओशाळली. "आमच्या सुमनबाईंनी शिकवलंय. पाणी देणारा माणूस लगेच दार लावत नाही. अजून चार मुलं मिळाली नाहीत, तर वर्ग बंद होईल हो."

सुमन किती घरांचं पाणी प्यायली असेल?

मी पेला भरून दिला. "समोर सहा वर्षांची मुलगी आहे," मी म्हणालो. "थोडी तहान शिल्लक ठेवा."