अर्जातली रिकामी जागा

माझ्याकडे पासपोर्ट नव्हता आणि मी आंतरराष्ट्रीय व्यवसाय शिकवत होते. सकाळी फणसवाडीतून निघायचं, परळला कॉलेजात जाऊन मुलांना सिंगापूरच्या बंदराबद्दल सांगायचं आणि दुपारी परत फणसवाडी. आई चाळीत सगळ्यांना सांगायची, "आमच्या हिला सगळं जग माहितीय. गेलेली नाहीये कुठे, एवढंच." मी चिडायचे. "भूगोलाचे मास्तर काय ज्वालामुखीत उतरून येतात का गं?" त्यावर ती म्हणायची, ज्वालामुखीचं राहू दे, तू निदान गोव्याला तरी जाऊन ये.

पण शिकवायचे मी चांगलं. उगाच विनय कशाला दाखवू? पुस्तकात सगळी उदाहरणं जर्मन मोटारींची, आणि ती ऐकून मागच्या बाकांवर डुलक्या सुरू व्हायच्या. एक दिवस मी पुस्तक मिटलं. वर्गात लालबागची एक मुलगी होती. तिची आई मिरची कांडून मसाला करून विकायची, आणि दुबईतल्या भावालाही पाठवायची. म्हटलं, चला, हाच मसाला आपण दुबईच्या दुकानात विकायला ठेवू. पॅकिंग कसलं? लेबलवर काय लिहायचं? कागदपत्रं कुठली? माल बंदरात अडकला तर कोणाच्या नावाने बोंब मारायची? वर्षभर त्या एका मसाल्यावर अख्खा विषय शिकवला. नमुना वर्गात आणला त्या दिवशी सगळे शिंकून बेजार झाले, पण झोपलं कोणी नाही.

आणि अशात प्राचार्यांनी बोलावलं. आमच्या प्राचार्यांना आंतरराष्ट्रीय या शब्दाचं भारी वेड. स्टाफरूमच्या भिंतीवर त्यांनी लंडन, दुबई, सिंगापूर आणि मुंबई अशी चार घड्याळं लावली होती. त्यातलं मुंबईचं तेवढं बंद पडलेलं. ते म्हणाले, "मॅडम, सरकारची योजना आलीय. आंतरराष्ट्रीय व्यवसाय शिकवणाऱ्या कॉलेजांना अनुदान. मिळालं तर आपला कोर्स टिकला. नाहीतर जूनपासून बंद."

कोर्स बंद म्हणजे मीही बंद. मी तासिका तत्त्वावर होते, म्हणजे तास असेल तर पगार, नाहीतर घरी बसा. सात वर्षं मी अशीच तासावर जगत होते. तेव्हा अर्ज कोणी भरायचा हे विचारायची वेळच आली नाही. माझं पोट, माझा अर्ज.

अर्ज चांगला जाडजूड होता. पंधरा दिवस मी त्याला चिकटून बसले. ग्रंथालयात पुस्तकं किती, वर्ग किती, मुलांचे प्रकल्प कोणते, सगळं भरलं. मसाल्याचा प्रकल्प तर असा रंगवला की वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. मग आला तो प्रश्न. 'अध्यापकांना परदेशातील अनुभव असल्यास नमूद करावा.' आणि खाली चार ओळींची जागा.

असल्यास! नव्हताच, तर सोडायची होती जागा. पण आम्ही दोन खोल्यांत वाढलेली माणसं. आमच्याकडे रिकामी जागा म्हणून कधी राहिलीच नाही. कॉटखाली ट्रंका, दारामागे घडीच्या खुर्च्या, माळ्यावर काय आहे ते देवालाच ठाऊक. आणि परीक्षेला निघताना बाबा बजावायचे, काही येत नसेल तरी लिही, पण कोरं सोडू नकोस. त्या चार ओळी मला बघवेनात. मी लिहिलं, 'सध्या नाही. तथापि अनुदान प्राप्त झाल्यास हा विषय परदेशातील अनुभव असलेल्या अध्यापकांकडूनच शिकवला जाईल, अशी ग्वाही महाविद्यालय देत आहे.'

बरोब्बर चार ओळी भरल्या. प्राचार्य वाचून खूश. "वा मॅडम, काय वजन आलं अर्जाला!" मीही फुगले. हेडक्लार्क भाऊसाहेब मात्र कागद हातात धरून उभेच राहिले. ते मूळचे मालवणकडचे, राहायला करी रोडला, आणि सरकारी कागदांतच त्यांचे केस पिकलेले. म्हणाले, "मॅडम, इचारलंय तेवढाच लिवा. सरकार बाकी सगळा इसरता, पण आपण कबूल केलेला इसरत नाय."

मी हसले. म्हटलं, भाऊसाहेब, एवढे चाळीस कागद कोण वाचतंय? मनात म्हटलं, या माणसाला कशातच उत्साह म्हणून नाही. आज आठवलं की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

अनुदान मिळालं! कॉलेजात पेढे वाटले, प्राचार्यांनी मुंबईचं घड्याळ दुरुस्त करून घेतलं. भाऊसाहेब मंजुरीचं पत्र घेऊन स्टाफरूममध्ये आले, पण माझ्या हातात देईनात. म्हणाले, "मॅडम, आधी चाय घ्या. पत्र मागाहून वाचा." मी चहा बाजूला सारून आधी पत्रच वाचलं. सहावी अट अशी होती, की महाविद्यालयाने स्वतः दिलेल्या ग्वाहीनुसार हा विषय परदेशातील अनुभव असलेल्या अध्यापकांकडूनच शिकवला जावा. माझंच वाक्य, माझाच 'कडूनच'. भाऊसाहेब 'मी सांगितलं होतं' असं बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

प्राचार्यांनी खटपट केली, दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं, ग्वाही मागे घेतल्यास अनुदानाचा फेरविचार होईल. म्हणजे मी राहिले तर कोर्स जाणार, आणि कोर्स राहिला तर मी जाणार. प्राचार्य माझ्याकडे न बघता पेपरवेट फिरवत बसले. शेवटी मीच म्हटलं, "सर, कोर्स ठेवा." फार थोर मनाने नाही हं म्हटलं. मला भयंकर राग आला होता, आणि तो काढायला माझ्याशिवाय दुसरं कोणी सापडत नव्हतं.

जूनमध्ये नवे सर आले. आठ वर्षं दुबईत नोकरी केलेले, स्वभावाने चांगले, त्यामुळे नावं ठेवायचीही सोय नाही. मी दादरला एका खाजगी क्लासमध्ये अकरावीला जमाखर्च शिकवायला लागले. हट्टाने पासपोर्टही काढला. चौकशीला आलेल्या हवालदाराने विचारलं, "कुठे जायचंय?" मी म्हटलं, "कुठेच नाही." पासपोर्ट आला तेव्हा आईने त्याला हळदकुंकू लावलं आणि कपाटात साड्यांखाली ठेवला.

थंडीत एका रविवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. फोन वाजला, व्हिडिओ कॉल. बघते तर लालबागची ती मुलगी! आता शेवटच्या वर्षाला होती. अनुदानातून मुलांना दुबईला व्यापारमेळा दाखवायला नेलं होतं, आणि ही बया आईच्या मसाल्याची पाकिटं बॅगेत घालून गेली होती. मागे झगझगीत दिवे, शेजारी एक दुकानदार उभा.

"मॅडम, यांना मसाला पाहिजे. पण लेबलचं विचारतायत. काय सांगू? लवकर बोला ना!"

"अगं, सर आहेत ना तुमच्याबरोबर?"

"आहेत की. पण मॅडम, मसाल्याचं तुम्ही शिकवलंय ना."

हातातला ओला टॉवेल मी तसाच खांद्यावर टाकला. सांगितलं, घटक अरबीतही लिहावे लागतील, तयार केल्याची तारीख टाक, किती महिने टिकतो ते टाक, आणि आईला विचारल्याशिवाय एकदम मोठ्या मालाला हो म्हणू नकोस. ती भराभर लिहून घेत होती. घरातून आई ओरडली, "कोणावर ओरडतेयस गं एवढी?" मी म्हटलं, "दुबईवर!"

तिकडे दुकानदाराने तिला काहीतरी विचारलं. मी कोण, असं असावं. ती त्याला म्हणाली, "माय टीचर."

कागदोपत्री मी जूनपासून तिची कोणीच नव्हते. मुलांची चूक दिसली की लगेच दुरुस्त करायची मला खोड आहे, पण त्या दिवशी मी गप्प बसले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिला दिसू नये म्हणून फोन वळणीवरच्या चादरीकडे वळवला.

"मॅडम, दिसत नाही तुम्ही," ती म्हणाली.

"आहे गं मी इथेच," मी म्हटलं. "तू लिहून घे."