उजव्या हाताला समुद्र

पळणाऱ्या माणसांकडे किस्से फार साचतात. पळताना तोंड बंद ठेवावं लागतं ना! जे दिसलं, जे सुचलं, ते सगळं चहाचा कप हातात येईपर्यंत पोटात धरून ठेवायचं आणि मग सगळ्यांनी एकदम बोलायला लागायचं. आम्ही तिघांनी असं बारा वर्षं केलं.

तिघं म्हणजे राठोड मास्तर, बशीरभाई आणि मी. मास्तर शाळेत पीटी शिकवायचे, राहायला तांड्यावर. बशीरभाईचं वारंगा फाट्यावर पंक्चरचं दुकान. मी पाईकराव, जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर. चौऱ्याण्णवच्या सुमारास मास्तर पोलीस भरतीच्या पोरांना पहाटे पळवायचे आणि आम्ही दोघं हौसेनं मागे लागायचो. पोरं भरती होऊन निघून गेली. आमची सवय मात्र सुटली नाही.

*

सगळं खूळ सुरू झालं ते बशीरभाईच्या दुकानातल्या टायरच्या कॅलेंडरवरून. मे महिन्याच्या पानावर एक चित्र होतं. हिरवे डोंगर, त्यांच्या कडेनं जाणारी लाल मातीची पायवाट, मध्येच एक झाडीनं भरलेली घळ आणि उजव्या हाताला खाली समुद्र.

रत्नागिरीकडचा एक ट्रकवाला टायर बदलायला थांबला होता. चित्र बघून म्हणाला, "ही आमच्या गावची वाट. या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा किलोमीटर."

मास्तर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"कोनी पळतं का तिथं?"

"पळायचं कशाला? गुरं जातात की सावकाश!"

मास्तरांनी त्या माणसाकडून गावाचं नाव, एसटीची वेळ, सगळं सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पाईकराव, मरायच्या आत या वाटेनं एकदा पळायचंय. बस्स."

आमच्यापैकी कुणीही तोवर समुद्र पाहिलेला नव्हता.

*

ते पान पुढे उलटलंच नाही. साल बदललं, सरकारं बदलली, दुकानात मे चौऱ्याण्णवच! एकदा एक ड्रायव्हर त्यावर वार बघून गेला आणि भाचीच्या साखरपुड्याला दोन दिवस उशिरा पोचला. परत येताना दुकानात शिरून जो काही भांडला!

बशीरभाईनं शांतपणे ट्यूब पाण्यात बुडवली आणि म्हणाला, "तारीख कायकू देखा भाई? समुंदर देखना था!"

*

जाणं होईपर्यंत सराव हवा म्हणून मास्तरांनी कळमनुरीकडच्या माळावर तसाच रस्ता शोधून काढला. सायकल घेऊन सहा किलोमीटर मोजले. एक चढ, मग टेकडीची कड, मग पळसाच्या झाडीतली नाल्याची घळ. उजव्या हाताला खाली तुरीचं रान पसरलेलं होतं, तो समुद्र. नियम एकच, तुरीला तूर म्हणायचं नाही.

एकदा एक म्हातारे शेतकरी बांधावर उभे होते. रोज तीन मोठी माणसं धापा टाकत जाताना बघून त्यांना राहवलं नाही.

"काहून पळून राहिले बाप्पा? मागं लागलं का कोनी?"

"मागं न्हाई काका, म्होरं हाय," मास्तर पळता पळताच बोलले.

"काय हाय म्होरं?"

"समुद्र!"

म्हाताऱ्यांनी कपाळावर हात धरून लांबवर पाहिलं. मग म्हणाले, "लई लांब हाय. दमानं जा."

*

कोकणात वाळू लागणार, वाळूत पोटऱ्या भरतात, असं मास्तरांनी कुठंतरी वाचलं. फाट्यावर वाळू कुठली? म्हणून आम्ही एका रविवारी नरसीला गेलो आणि कयाधूच्या पात्रात अनवाणी पळायला लागलो. नामदेवांच्या दर्शनाला आलेलं एक कुटुंब काठावर बसून भाकरी खात होतं. त्यातल्या आजींनी हात जोडून विचारलं, "किती फेऱ्या बोलला होता, देवा?"

मास्तरांना दम लागलेला. त्यांनी नुसता पंजा दाखवला.

झालं! आजी उठल्या, त्यांच्या मागं सुना उठल्या, नातवंडं उठली आणि सगळे आमच्या मागून वाळूत चालायला लागले. तिसऱ्या फेरीला माझ्या पायात गोळा आला. मी बसणार, तेवढ्यात मास्तर खेकसले, "बसू नको! त्यांचा नवस मोडंल!"

पाच फेऱ्या पुऱ्या केल्या. आजी मास्तरांच्या पाया पडल्या आणि मास्तर त्यांच्या. परतीच्या एसटीत मास्तरांना उभंही राहवत नव्हतं.

*

दर वर्षी जायचं ठरायचं आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. एकदा मास्तरांना निवडणुकीची ड्यूटी लागली. एकदा बशीरभाईच्या मुलीचं लग्न निघालं. एकदा गावोगाव जनावरांत खुरकूत पसरली आणि मला सुट्टी मिळाली नाही. मास्तर दुसऱ्या दिवशी माळावर आमच्या पुढे एकटेच पळायचे. पाठमोरे दिसायचे, तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

त्यांच्या बायकोला, सोनावहिनींना, ती वाट पाठ झाली होती. एकदा मी घरी गेलो तर मास्तर मला घळीतला उतार समजावून सांगत होते. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. न वळताच म्हणाल्या, "त्या उतारावर डाव्या अंगाला ऱ्हायचं, भाऊजी. उजव्या अंगाला रोज घसरतेत हे, झोपीत!"

*

पुढे मास्तरांचा उजवा गुडघा सुजायला लागला. डॉक्टरकडे जाईनात. सकाळीच माझ्या दवाखान्यात येऊन बैलांच्या रांगेत उभे राहिले.

"बैलाला लावतो ते मलम दे."

मी चोळून दिलं आणि म्हणालो, "मास्तर, बैलाला महिनाभर आराम सांगतो मी."

"बैलाला कुठं जायचं असतंय?" मास्तर म्हणाले. मलमाची डबी त्यांनी खिशात टाकली.

*

अखेर दोन हजार सहाच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. तिघं आणि सोनावहिनी. "बारा वर्सं ऐकून राहिले, आता मी बी येते," म्हणून त्यांनी स्वतःच पिशवी भरली होती. रेल्वे, मग दोन एसट्या, मग शेवटी एक रिक्षा. सकाळी आठच्या सुमारास आम्ही त्या वाटेच्या तोंडाशी उभे राहिलो. लाल माती होती. हिरवे डोंगर होते. आणि उजव्या हाताला तो होता! बशीरभाई नुसता "या अल्ला, या अल्ला" करत होता. मास्तरांनी बुटाच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या.

मग ते पळाले. पन्नास-साठ पावलं गेले असतील. गुडघा वळला आणि मास्तर वाटेकडेच्या जांभ्या दगडावर तो धरून बसले. बघता बघता गुडघा नारळाएवढा झाला. मी हात लावून पाहिला. बैल असता तर मी गाडी बोलावली असती.

"तुमी जा," मास्तर म्हणाले. "खरंच जा. मी हितं बसतो."

आमचे पाय हलेनात. बशीरभाई समुद्राकडे पाठ करून उभा राहिला. मास्तर चित्रातल्या त्या वळणाकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. बारा वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

सोनावहिनींनी पिशवी खाली ठेवली. चपला काढून नवऱ्याच्या हातात दिल्या. पदर कमरेला खोचला.

"बसा. मी बघून येते."

आणि निघाल्या! दावं तोडलेल्या वासराच्या मागं बाया धावतात, तशा धावल्या. आम्ही हाका मारायच्या आत वळणाआड गेल्यासुद्धा.

तीन तास आम्ही तिघं तिथं बसून होतो. मास्तरांनी चपला मांडीवरून खाली ठेवल्या नाहीत.

वहिनी आल्या त्या चालत. लुगड्याला कुसळं, पाय घोट्यापर्यंत लाल, तोंड घामानं भिजलेलं. बाटलीतलं पाणी त्यांनी सगळं पिऊन टाकलं.

"गेली का पार शेवटपर्यंत?" मास्तरांनी विचारलं.

"व्हय."

"कशी हाय वाट?"

वहिनींनी चपला घेतल्या, पायात घातल्या, पिशवी उचलली.

"मी न्हाई सांगत," त्या म्हणाल्या. "सांगितलं तर तुमी हितं परत यायचे न्हाईत."