श्रावणातली गोळी

बाविसाव्या वर्षी छातीत दुखतं म्हणून सांगितलं, तर ऐकणारा आधी हसतो. लोणावळ्याच्या मालधक्क्यावर मी पोती उचलायला होतो. थोडी पोती झाली की छातीवर जातं ठेवल्यासारखं व्हायचं, मग भिंतीला टेकायचो. मुकादम म्हणायचा, "काय खानदेशी पाव्हणं, झाली का झोप?" मराठी चौथीतच शाळा सुटलेली, घर लांब तापीकाठी. काम गेलं तर जायचं कुठं, आणि जीवच गेला तर घरी कळवणार कोण, हीच धास्ती.

उपाय मात्र ज्याच्या त्याच्याकडे. एकानं ओवा दिला, एकानं तालमीत जायला सांगितलं, एकीनं दृष्ट काढली. भर चैत्रात मी घोंगडी पांघरून बसायचो, तोंड सुजलेलं, आवाज घोगरा. तर म्हणे, हितली हवा मानवंना! वैतागून मी सांगणंच सोडलं.

वलवणला ज्या मावशींकडे मी राहत-जेवत होतो, त्यांनीच मला ओढत बाजारातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर बराच वेळ नाडी धरून बसले. म्हणाले, "आळशी हा नाही, याच्या गळ्यातली ग्रंथी आळशी आहे. छातीचं दुखणं त्यातूनच." मला रडूच आलं. कुणीतरी खरं मानलं होतं. गोळी दिली ती रोज अर्धीच. एकदम जास्त हृदयाला झेपायची नाही, आणि बंद तर करायचीच नाही.

मावशींनी विचारलं, "कशाची असती ही?"

"मेंढीच्या गळ्यातली ग्रंथी वाळवून करतात."

मावशींच्या गळ्यात तुळशीची माळ. घरी येताच गोळ्या गोठ्यातल्या कोनाड्यात गेल्या. गोळी घेऊन चूळ भरल्याशिवाय ओटीवर पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. रोज सकाळी हाक यायची, "खाल्लंस का रं तुजं मेंढरू?" शेजारी हसायचे, मी चिडायचो, पण हळूहळू छाती मोकळी झाली, पोती उचलू लागलो.

मग श्रावण लागला. "ह्यो म्हैना न्हाई चालायचं," मावशी म्हणाल्या.

"डॉक्टरांनी बंद करू नको म्हटलंय, मावशी."

"डाक्टरला काय, त्येला समदे म्हैने सारखेच!"

ज्यांनी मला दवाखान्यात नेलं त्यांच्याशी भांडू कसा? गोळी बंद केली. आत मात्र चरफडत होतो. दुखणं माझं, सोवळं यांचं!

श्रावण सरत आला तेव्हा पुन्हा थंडी वाजू लागली. एका संध्याकाळी कामावरून परतलो तो अंगणातच छाती आवळली. गोठ्याच्या पायरीवर बसलो. मावशी बाहेर आल्या, मला पाहिलं आणि सरळ कोनाड्याकडे गेल्या. हातानं गोळी अर्धी होईना, तेव्हा कमरेच्या चंचीतून त्यांनी आपला सुपारीचा अडकित्ता काढला आणि कचकन गोळी कातरली.

"मावशी, अडकित्ता बाटला की!"

"बाटू दे. गप गीळ."

दुखणं काही लगेच थांबलं नाही. मावशी शेजारीच बसून राहिल्या, हात अंगापासून लांब धरून.

"आता मला पुन्यांदा आंघोळ," त्या करवादल्या. "उठशील तवा पानी ठेव तापायला."