शालनताईंची मांडी

या, अशा लांब का बसलात, जरा जवळ सरका. आणि आधी दोन शब्द ऐकून घ्या माझे. पेपरात येतं, वाडीवरच्या पोरांना वाचता येत नाही, त्यांचं लक्षच नसतं. तुम्ही चुकचुकता आणि पान उलटता. चूक तर आमच्या शालनताईंचीही झाली होती, पण त्यांनी पान उलटलं नाही. त्यांना जाऊन दीड महिना झाला, म्हणून हे सांगायला बसले.

कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथल्या अंगणवाडीच्या ताई सेविका, मी मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. मी शाळेची पायरी चढलेली नाही. चुलीपाशी बसून ताईंचं ऐकत ऐकत अक्षरं ओळखायला लागले, तेही पन्नाशीत. ताई खोक्यांचे पुठ्ठे कापून एकेका पोराच्या नावाची पट्टी करायच्या. पोरानं सकाळी आल्यावर आपली पट्टी शोधायची, नावाचे तुकडे पाडत टाळ्या वाजवायच्या आणि मग ती दोरीला अडकवायची. तीच हजेरी. चार महिन्यांत पोरं एकमेकांच्या पट्ट्या वाचून चिडवायला लागायची.

बुधी तेवढी नाही. साडेचार वर्षांची, सोबत वर्षाची बहीण. हाताला लागेल ती पट्टी उचलायची, नजर भलतीकडंच. ताईंनी वहीत 'लक्ष नाही' असं लिहिलं, कर्जतला नेऊन तिचे कान तपासून आणले. कान चांगले होते. मग एकदा गोष्ट चालू असताना धाकटी रांगत माझ्या चुलीकडं निघाली. मला कळायच्या आत बुधीनं झेप घेऊन तिला उचललंसुद्धा. ताई बघतच राहिल्या.

"आपुन येड्या गं. हिचं लक्ष नाय म्हणतो... सगळं लक्ष तिथं हाय, आपल्याला उरंल कुठून?"

"मग बाळ मी धरते, ताई."

"तू खिचडी धर. करपली तर पोरं मला खातील."

त्या दिवसापासून धाकटी ताईंच्या मांडीवर. साडी रोज ओली व्हायची, पण शिकवणं थांबलं नाही. महिन्याभरात बुधीनं आपली पट्टी उचलली, दसऱ्यापर्यंत आणखी सहा जणांची नावं वाचली. दिवाळी झाली आणि दरवर्षीसारखी अख्खी वाडी वीटभट्ट्यांवर निघाली, बुधीलाही आईबाप घेऊन गेले.

ती परत आली तोवर ताईंनी अंथरूण धरलं होतं. आषाढात मी पोशीरला त्यांच्या घरी गेले. पोटाच्या दुखण्यानं आवाज अगदी बारीक झालेला.

"बुधी आली का गं? पट्टी उचलते?"

"उचलते. सगळ्यांच्या वाचते."

"मी बोलले नव्हते का तुला..." म्हणाल्या आणि डोळे मिटून हसल्या. चौथ्या दिवशी गेल्या.

मी खोटं बोलले होते. बुधीच्या कमरेवर आता आणखी एक बाळ आहे. पट्ट्यांपुढं उभी राहते, हात पुढं करते, मागं घेते. पूर्वी चुकीची का होईना, उचलायची तरी. मी बाळ घेऊन बसले तर चूल कोण बघणार? नवी सेविका नेमलेली नाही. शेजारच्या गावच्या बाई आठवड्यातून दोनदा येतात, मोबाईलवर फोटो भरतात आणि पळतात. त्यांनी तरी किती ठिकाणी पुरायचं? बाकीची पोरंही खातात आणि जातात. ताईंचं बसायचं गोणपाट मी उचललेलं नाही. ताईंच्या मांडीवरची ती धाकटी अजून आल्या आल्या त्यावर जाऊन बसते, थोडा वेळ वाट बघते, मग उठते...

पुढच्या जूनला बुधी भट्टीवरून थेट पहिलीत जाऊन बसेल, स्वतःचं नाव न ओळखता. मला काही घडेल असं वाटत नाही, खरं सांगते. तरी या. शिकवता आलंच पाहिजे असं नाही, नुसतं बाळ धरून बसलात तरी चालेल. पण लवकर या, दिवाळीच्या आधी. नंतर आलात तर भेटायला मी एकटीच असेन.