बॅगेतला नारळ

नवऱ्याच्या कारखान्याचा वार्षिक शटडाऊन नेमका भर पावसात येतो. कुंभवलीच्या बाजूला त्याचा कारखाना. यंत्रं उघडून साफ करायची, तेवढे दिवस त्याच्यासारख्या पॅकिंगवाल्यांना रजा. म्हणजे आमची सहल पावसातच. लग्नानंतर दरवर्षी अंदमान ठरायचं आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. यंदा तिकिटं काढली होती. यंदा राहिलं तर कायमचं राहिलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आडव्या आल्या सासूबाई. तारापूरजवळ त्यांची वाडी, आम्हीही तिथेच राहतो; त्यांचा सगळा जन्म समुद्राकाठी गेलेला. "नारळी पुनव झाली नाय, आन तुमी बोटीत बसनार? कोळी बी होड्या वर वडून बसलेत!"

"आई, आम्ही विमानाने जाणार."

"आन या बेटावरून त्या बेटावर? उडत?"

माझं माहेर मूळ साताऱ्याकडचं, वडील नोकरीसाठी बोईसरला आलेले. दर्याला विचारून उंबरा ओलांडायचा, हे आमच्याकडे कोणाच्या गावीही नव्हतं. त्या दिवसापासून सासूबाईंनी माझ्याशी बोलणंच टाकलं. भांडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं, गप्प बसणाऱ्याचं काय करायचं?

त्यात कपडे वाळेनात. पडवीत दोऱ्या, पंख्याखाली दोऱ्या, जेवताना ताटावर टपकणारे पायजमे, आणि प्रत्येक कपड्याला तो कुबट वास. एक टॉवेल तर मी रोज हात लावून बघायचे आणि रोज चिडायचे. शेवटी नवरा म्हणाला, "दे इकडं. बॉयलरजवळ ठेवतो, तासाभरात पापड होतील."

निघायच्या आदल्या दिवशी त्याने पोतंभर कपडे स्कूटरवरून नेले. संध्याकाळी पोतं परत आलं ते आणखीच ओलं होऊन. बॉयलर बंद! ज्या शटडाऊनसाठी रजा मिळाली, त्याच शटडाऊनसाठी बॉयलर थंड केलेला. इतकी वर्षं तिथे राबणाऱ्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नाही. मी बॅग कोपऱ्यात ढकलली. "नाही जायचं मला. करा रद्द!" म्हणाले आणि रागाने रडायलाच लागले.

सासूबाई उठल्या. पोतं ओढत मागच्या पडवीत गेल्या. आंघोळीचं पाणी तापवायची चूल पेटवून तिच्याभोवती त्यांनी एकेक कपडा धरला, उलटा केला, पुन्हा धरला. कपडे कोरडे झाले. धुराचा वास येत होता. घड्या घालून बॅगही त्यांनीच भरली.

मग चिकू तोलायच्या काट्यावर बॅग ठेवली तर वजन जास्त. मी वैतागून सगळं उपसलं. तळाशी नवऱ्याच्या बनियनमध्ये गुंडाळलेला शेंडीचा नारळ.

"अहो आई, अंदमानात नारळ नाहीत का?"

"तिकडचा तिकडच्यांचा. ह्यो आपल्या वाडीतला." इतक्या दिवसांनी त्या माझ्याशी बोलत होत्या. "बोटीत पाय ठेवायच्या आदी दर्याला दे. त्याला सांग, पुनव आमी इसरलो नाय, सुट्टीच आदी आली. आन सांग, माजी मानसं मला परत दे."

काट्यावरचं वजन अजून जास्तच होतं. वाळूत चालायला म्हणून हौसेने घेतलेल्या नव्या सँडल मी बाहेर काढल्या, आणि नारळ परत बनियनमध्ये गुंडाळला.